घराचे माप

इंदापूर तालुक्याचे नाव महसुली इतिहासात जमीनमोजणीमुळे कायम झाले आहे. पेशवाई बुडाल्यानंतर प्रिंगलसाहेबाने निव्वळ उत्पन्नाच्या हिशेबावर बसवलेली जमाबंदी रयतेला पेलली नाही आणि शेते ओस पडू लागली, तेव्हा १८३५-३६च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी याच तालुक्यात नवी पाहणी हाती घेतली, शेत हाच आकारणीचा घटक धरला, त्यास क्रमांक दिला, हद्दीचे दगड रोवले आणि तीस वर्षे सारा वाढणार नाही अशी हमी दिली. पुढे साऱ्या मुंबई इलाख्याने उचललेली ही पद्धत प्रथम कळससारख्या गावांच्या शिवारांत रुजली. परंतु मोजणीदाराची साखळी फिरली ती काळीत, म्हणजे शेतजमिनीत. पांढरीवरच्या, म्हणजे गावठाणातल्या, घराचा चौरस फुटांत हिशेब करण्याची गरज कोणासही वाटली नाही.

घर मोजले जाई ते खणांनी. दोन तुळयांमधील अंतर म्हणजे एक खण, आणि अमक्याचे घर पाच खणांचे एवढे म्हटले की त्याची ऐपत व त्याच्या घरचा पसारा ऐकणाऱ्यास कळे. या अवर्षणाच्या मुलखात कौलारू उतरत्या छपराऐवजी सपाट माळवद चालत असे. तुळयांवर किलचणे, त्यांवर पाला, त्यावर मातीचा जाड थर आणि सर्वांत वर चोपण माती, जी पावसाच्या पहिल्या सरीने फुगून चिकटते व पाणी खाली झिरपू देत नाही. मृगापूर्वी माळवदावर नवी माती पसरून ती धुमसणे हे घरधन्याचे वार्षिक कर्तव्यच होते. उजेड व धुराची वाट यांकरिता छतात सवणे ठेवलेले असे. भिंत हातभर जाड, खिडकी क्वचितच. अशा घराची खरी करामत वैशाखात कळते. दिवसभराचे ऊन त्या मातीत जिरते आणि आत पोहोचेपर्यंत संध्याकाळ होते. तोवर घरची माणसे अंथरुणे घेऊन माळवदावर निजायला गेलेली असतात. इंधनाचा छदामही न खर्चता उष्म्याची वेळच बदलून टाकणारी ही युक्ती मला आपल्या ग्रामीण स्थापत्यातील सर्वांत बुद्धिमान गोष्ट वाटते. तिचे उणे हे की उजेड कमी, ओल आणि उंदीर जास्त. त्या अंधारात चुलीपुढे बसून ज्या स्त्रियांचे डोळे गेले, त्यांना विसरून या घराची स्तुती करणे योग्य नव्हे.

पुण्याच्या पेठांतील वाड्याने उष्म्याचा हाच प्रश्न चौकाने सोडवला होता. भोवती सोपे, मध्ये आकाश. तापलेली हवा वर निघून जाई आणि चौकाच्या सावलीत कामे चालत. हे वाडे भाड्याने खचले. १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४०चे भाडे प्रमाण मानले. भाडेकरूस निवारा मिळाला, पण मालकाला दुरुस्तीपुरतेही उत्पन्न उरले नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतच्या पुराने नदीकाठच्या पेठांतील कितीतरी वाडे आडवे केले. मग १९६३चा मालकी हक्काच्या सदनिकांचा कायदा आला, १९७०चा अपार्टमेंटचा आला, आणि त्या जागी चार-पाच मजली इमारती उभ्या राहिल्या. आज कळस-बारामतीकडील नोकरदार कुटुंब मुलांच्या शिक्षणासाठी कसब्यात किंवा सदाशिव पेठेत लहानशी सदनिका पाहू लागते, तेव्हा ते या क्रमातून उरलेल्या घरांपैकीच एखादे निवडीत असते.

मोजणीचा प्रश्न येथे पुन्हा उपस्थित होतो. जिना, मार्गिका, सज्जा असे सगळे मिळवून क्षेत्र सांगण्याची बाजारी चाल फार दिवस निर्वेध चालली. २०१६च्या स्थावर संपदा कायद्याने प्रथमच देशभरासाठी चटईक्षेत्राची व्याख्या पक्की केली: आतील भिंती धराव्यात, बाहेरच्या भिंती व सज्जा धरू नयेत. ग्राहकाच्या दृष्टीने हे उपकारकच झाले. मात्र बाहेरची भिंत विक्रीच्या मापात येत नाही, पण बांधकामाच्या अनुज्ञेय क्षेत्रात येते. तेव्हा ती जाड करण्यात बांधणाऱ्याचा कोणताच लाभ राहत नाही. आजची भिंत सहा इंचीच राहण्यामागे जागेच्या टंचाईबरोबर या हिशेबाचाही हात आहे, आणि तिच्या पातळपणाची भरपाई पुढे वातानुकूलन यंत्राच्या वीजबिलातून होत राहते. २०१८च्या इको-निवास संहितेने भिंती-खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेला दर चौरस मीटरला १५ वॉटची मर्यादा सांगितली, म्हणजे जुन्या जाड भिंतीचा गुण आकड्यात बसवला. तो आकडा विक्रीच्या करारात छापला जावा असे मला मनापासून वाटते.

पेठेतील जुन्या इमारतीत सर्वांत वरचा मजला स्वस्त मिळतो, कारण गच्ची तापते. गच्चीवर चुन्याचा पांढरा थर देणे किंवा सौर पत्रे बसवणे हा त्यावरचा उपाय ठाऊक असलेला. पण माळवदाचा मालक जसा निर्विवाद होता तसा गच्चीचा नसतो. अनेक ठिकाणी जमीन व इमारत गृहसंस्थेच्या नावे करून देण्याचे राहूनच गेले आहे. त्यासाठी २००८ साली मानीव अभिहस्तांतरणाची तरतूद कायद्यात घातली गेली, तरी असंख्य मिळकतपत्रिकांवर अजून मूळ मालकाचे किंवा त्याच्या वारसांचेच नाव चालते. म्हणून खरेदीखताआधी ती पत्रिका काढावी, संस्थेच्या सभेचे इतिवृत्त मागावे, आणि पश्चिमेकडील भिंतीला दुपारी चार वाजता हात लावून पाहावा.