केडगांवचें मुक्तिसदन आणि ऋणमुक्त उद्योग

१

इतिहासाच्या दप्तरांत तह, सनदा व महजर यांचा जेवढा शोध होतो, तेवढा सामान्य कुळाच्या कर्जखताचा होत नाहीं. वस्तुतः गांवगाड्याचें सुखदुःख अधिक करून ह्या दुसऱ्या कागदावरच लिहिलेलें असतें. प्रस्तुत लेखक ज्या गांवीं राहतो तें युसूफ वडगांव बीड जिल्ह्यांतील केज तालुक्यांत आहे. ह्या टापूंतून दरवर्षीं हजारों कुटुंबें ऊसतोडीस जातात. जाण्यापूर्वीं मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ती अंगमेहनतीनें फेडावयाची, आणि हंगामांत न फिटल्यास बाकी पुढील हंगामावर चढावयाची. नवराबायकोच्या जोडीस येथें ‘कोयता’ म्हणतात. हत्याराचें नांव माणसास पडावें, ह्यांतच त्या व्यवहाराचें मर्म आहे. श्रम करण्यापूर्वींच श्रम गहाण पडलेले असतात.

कर्जावांचून उद्योग उभारतां येतो काय, व धर्मश्रद्धा त्या कामीं कितपत उपयोगी पडते, हा प्रश्न म्हणून आम्हांस केवळ पुस्तकी वाटत नाहीं. महाराष्ट्रांत ह्या प्रश्नाचें एक ठळक उत्तर पंडिता रमाबाईंनीं पुणें जिल्ह्यांतील केडगांवीं दिलें. त्यांचें धर्मांतर, त्यांचें पांडित्य आणि त्यांची समाजसुधारणा यांवर पुष्कळ लिहिलें गेलें आहे. त्यांनीं चालविलेल्या उद्योगांकडे व्यवहाराच्या दृष्टीनें पाहणें, एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे.

२

प्रथम स्थळाचा विचार करूं. केडगांव आज दौंड तालुक्यांत आहे. एकोणिसाव्या शतकांत तें भीमथडी तालुक्यांत मोडत असे. ह्याच तालुक्यांतील सुपें गांवीं १२ मे १८७५ रोजीं कुणब्यांनीं सावकारांच्या घरांवर व दुकानांवर चाल केली आणि हातीं लागतील तीं खतें जाळून टाकलीं. तेथून दंगे पुणें व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गांवीं पसरले. सरकारनें चौकशीस मंडळ नेमलें, व १८७९ सालीं दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. कायद्यानें कोर्टाची रीत बदलली, परंतु कर्जाची गरज नाहींशी केली नाहीं. ह्या घटनेनंतर पुरतीं पंचवीस वर्षें लोटण्यापूर्वीं त्याच तालुक्यांत कर्ज न काढण्याच्या निश्चयावर एक मोठी संस्था उभी राहिली. हा योगायोग असला तरी लक्षांत ठेवण्याजोगा आहे.

आमच्या स्मृतिकारांस ऋणाचें भय ठाऊक नव्हतें असें नाहीं. याज्ञवल्क्यानें तारण ठेवून दिलेल्या कर्जावर दरमहा मुद्दलाचा ऐंशीवा भाग एवढेंच व्याज मान्य केलें आहे. व्याज मुद्दलापेक्षां अधिक होऊं नये, हा दामदुपटीचा नियम तर मुंबई इलाख्याच्या इंग्रजी न्यायालयांतहि हिंदूंपुरता चालत राहिला. परंतु स्मृतीनें कर्जाला मर्यादा घातली. कर्ज टाळून उदीम कसा करावा, हें सांगण्याचें काम तिनें आपलें मानलें नाहीं.

३

रमाबाई जन्मल्या २३ एप्रिल १८५८ रोजीं, पश्चिम घाटांतील गंगामूळ येथें. वडील अनंतशास्त्री डोंगरे. पेशव्यांच्या घरांतील स्त्रीस संस्कृत शिकवितांना पाहून, आपल्या पत्नीसहि तें शिकवावें असा त्यांनीं निश्चय केला व तो तडीस नेला. यात्रेकरूंचें आतिथ्य करतां करतां घरावर ऋण झालें, जमीनजुमला विकावा लागला, आणि रमाबाई तान्ह्या असतांनाच कुटुंब पुराणें सांगत तीर्थाटनास निघालें. पुढें दुष्काळ आला. होता नव्हता तो पैसा दानधर्मांत व अनुष्ठानांत संपला. १८७४ सालीं आईवडील अन्नान्नदशेंत वारले. त्यांच्या पाठोपाठ थोरली बहीण गेली.

१८९७ सालीं दुष्काळाच्या आठवणी लिहितांना रमाबाईंनीं ह्या दुर्दैवाचें कारण निःसंकोचपणें सांगितलें आहे. घरांत शास्त्र होतें, पाठांतर होतें. परंतु हातानें कमावून पोट भरण्याची एकहि विद्या नव्हती, आणि हलकें काम करण्यास कुलाभिमान आड येत होता, असा त्यांच्या कथनाचा आशय आहे. ज्यानें आयुष्य रूपावली व अमरकोश शिकविण्यांत घालविलें, त्या प्रस्तुत लेखकासारख्या माणसास हा आशय बोचल्यावांचून राहत नाहीं. आमच्या पाठशाळांत हजारों श्लोक मुखोद्गत केलेला विद्यार्थी तयार होई; त्यास सुतारकाम किंवा विणकाम यावें अशी कोणाची अपेक्षाच नसे. केडगांवच्या कारखान्याचा पाया खरा म्हटला तर त्या उपासमारींत घातला गेला.

४

१८८३ सालीं इंग्लंडांत वाँटेज येथें रमाबाईंनीं ख्रिस्ती धर्माचा स्वीकार केला. १८८७च्या डिसेंबरांत अमेरिकेंत बोस्टन येथें त्यांच्या साह्यार्थ मंडळ निघालें व त्यानें दहा वर्षें खर्च चालविण्याचें वचन दिलें. ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस शारदासदन सुरू झालें. पुढील वर्षीं तें पुण्यास आलें. १८९३ सालीं सदनांतील मुलींच्या धर्मांतराविषयीं वाद माजला. धर्माच्या बाबतींत तटस्थ राहण्याचें वचन मोडलें जात आहे, असा आक्षेप होता. रानडे व भांडारकर यांसारखे सल्लागार दूर झाले आणि पुष्कळ पालकांनीं मुली काढून नेल्या. आक्षेपकांची बाजू अगदींच पोकळ होती असें म्हणतां येत नाहीं. व्यवहारदृष्ट्या परिणाम एवढाच झाला कीं, शेजारचा आधार तुटला व समुद्रापलीकडील आधाराची मुदत भरत आली.

दहा वर्षांनंतर काय, ह्या विचारांतून केडगांवची जमीन घेतली गेली. सुमारें शंभर एकर जमिनींत फळझाडें लावावीं आणि त्यांच्या उत्पन्नावर सदन चालवावें, असा मूळचा बेत. बेत शुद्ध शेतकऱ्याचा होता. परंतु झाडांस फळ येण्यापूर्वींच १८९६-९७चा दुष्काळ आला. मध्यप्रांतांतून रमाबाईंनीं शेंकडों मुली व विधवा आणल्या. पुण्यास प्लेग सुरू झाल्यानें त्यांना तेथें ठेवतां येईना, म्हणून त्या केडगांवच्या माळावर आल्या. १८९८च्या सप्टेंबरांत मुक्तिसदनाचें विधिपूर्वक उद्घाटन झालें. १९००च्या गुजरातेंतील दुष्काळानंतर तेथील माणसांची संख्या दीड-दोन हजारांच्या घरांत गेली.

५

एवढ्या तोंडांस अन्न, वस्त्र व निवारा पुरवावयाचा. येथें रमाबाईंपुढें जॉर्ज म्युलर यांचा कित्ता होता. जन्मानें प्रशियन असलेल्या ह्या धर्मोपदेशकानें ब्रिस्टल येथें अनाथगृहें चालविलीं. कर्ज काढावयाचें नाहीं व कोणापुढें हात पसरावयाचा नाहीं, गरज देवापुढें ठेवावयाची, असा त्यांचा नेम. ऋण अंगावर न ठेवण्याचा पौलाचा उपदेश रोमकरांस लिहिलेल्या पत्रांत आहे. श्रम न करणाऱ्यानें अन्नावर हक्क सांगूं नये, असा त्याचाच उपदेश थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पत्रांत आहे. केडगांवची सारी व्यवस्था ह्या दोन सूत्रांत सांगतां येते. बँकेंत शिल्लक नाहीं, कायमचा निधि नाहीं, रोजचें रोज मिळतें आणि रोजचें रोज खर्चतें, असें रमाबाईंनीं स्वतः पुढें सांगितलें आहे.

दुसऱ्या सूत्राचें दृश्य रूप म्हणजे तेथील उद्योग. शेत, बाग व गाईगुरें होतीं. मागावर कापड विणलें जाई, शिवणकाम चाले, तेल गाळलें जाई, भांड्यांस कल्हई होई, धुलाई व भटारखाना होता. अंध स्त्रियांस ब्रेल लिपि शिकवीत, व त्यांच्या हातीं वेताचें विणकामहि देत. तेली, कोष्टी, परीट, कल्हईवाला हीं गांवगाड्यांत जातींची कामें. येथें तीं एकाच छपराखालीं निरनिराळ्या जातींतून आलेल्या बायकांनीं केलीं. ज्या बाईस सासरमाहेर दोन्ही नाहीं, तिला उद्यां पोट भरतां यावें, हा त्यांतील हिशेब होता.

ह्या मालाचें मुख्य गिऱ्हाईक सदन स्वतःच होतें. दोन हजार माणसांस लागणारें तेल, दूध व लुगडें दारांतच निघालें, तर बाहेर तितका पैसा जात नाहीं व उधारीचें खातेंहि पडत नाहीं. रोख नसेल तेव्हां हात कामास लावावे आणि हातानें भागेल तितक्यापुरती गरज आवरावी, ही ऋण टाळण्याची जुनीच युक्ति होय. श्रद्धेनें तिला नेमाचें बळ दिलें.

६

छापखान्याचा उल्लेख स्वतंत्र करणें अवश्य आहे. रमाबाईंनीं हिब्रू व ग्रीक शिकून मूळावरून बायबलचें मराठी भाषांतर हातीं घेतलें. तें केडगांवच्याच छापखान्यांत छापलें गेलें. खिळे जुळविणें, छपाई व बांधणी हीं कामें सदनांतील स्त्रियांनीं केलीं. पंडिता व सरस्वती ह्या पदव्या मिळविलेल्या विदुषीनें ह्या भाषांतरांत संस्कृतप्रचुर भाषा बुद्ध्या टाळली व साध्या बाईस कळेल अशी मराठी धरली. मुलगी मनोरमा १९२१ सालीं वारली. रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजीं निवर्तल्या, आणि संपूर्ण ग्रंथ १९२४ सालीं प्रसिद्ध झाला. काल जिला अक्षरओळख नव्हती ती आज खिळे जुळवीत आहे, हें दृश्य त्या काळीं अन्यत्र विरळाच.

७

आतां एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे. मुक्तिसदन देणग्यांवर चाललें. मग त्यास उद्योग कसें म्हणावें? आक्षेप खरा आहे. तेथील गिरण व माग यांनीं सर्व खर्च भागविला असें म्हणतां येणार नाहीं. ‘मुक्ति प्रेअर बेल’ हें पत्र परदेशीं जाई, आणि तें वाचून देणगीदार पैसे पाठवीत. म्हणून केडगांवचा उद्योग हा दुकानापेक्षां शाळेच्या जातीचा होता. त्याचा नफा वहींत शोधूं नये. तेथून कसब शिकून बाहेर पडलेल्या स्त्रीच्या मिळकतींत शोधावा. हाच दाखला छोट्या दुकानदारास जसाच्या तसा लागू पडत नाहीं, हेंहि मान्य करावें.

दुकानदारास उपयोगी असें दुसरें ख्रिस्ती उत्तर वसईस सांपडतें. जर्मनींत फ्रीड्रिख राय्‌फायझन ह्या भाविक नगराध्यक्षानें १८६४ सालीं हेडेस्डॉर्फ येथें पतसंस्था काढली. शेजाऱ्यावर प्रेम करणें हें धर्मकर्तव्य, आणि शेजाऱ्याच्या कर्जाची जबाबदारी घेणें हा त्याचा व्यवहार, अशी त्याची समजूत होती. त्याच्या पद्धतीचा प्रभाव हिंदुस्थानच्या १९०४च्या सहकारी कायद्यावर पडला. १९१८ सालीं धर्मगुरु पी. जे. मोनिस यांच्या पुढाकारानें वसईच्या मराठीभाषी कॅथॉलिक समाजानें आपली सहकारी पतपेढी काढली. तीच पुढें बॅसीन कॅथॉलिक को-ऑपरेटिव्ह बँक झाली व आजहि चालू आहे. केडगांवनें ऋण वर्ज्य केलें. वसईनें तें सावकाराच्या हातून काढून भाऊबंदांच्या हातीं दिलें. एकाच ग्रंथांतून निघालेलीं हीं दोन उत्तरें परस्परविरुद्ध नव्हेत. जेथें हातीं कांहींच नाहीं तेथें पहिलें, आणि जेथें थोडें आहे तेथें दुसरें शोभतें.

८

सारांश, सुप्याच्या लोकांनीं खतें जाळलीं, पण दुसऱ्या दिवशीं बीं-भरणासाठीं त्यांना त्याच दारीं जावें लागलें. केडगांवीं खत लिहूंच दिलें नाहीं, व त्याची किंमत श्रमानें आणि संयमानें भरली. ह्या निश्चयामागें ख्रिस्ती श्रद्धा होती, हें इतिहास म्हणून नमूद केलें पाहिजे. श्रद्धा कोणतीहि असो, तिची परीक्षा देवळांत होते तशी कीर्दखतावणींतहि होते, हेंहि त्यांतून शिकावें. दिवाळी उलटली कीं आमच्या तालुक्यांतील रस्त्यांनीं बैलगाड्या व ट्रक ऊसाच्या मुलुखाकडे निघतात, आणि शाळेंतील बाकें रिकामीं होतात. त्या मुलांस कोणती विद्या शिकवावी म्हणजे त्यांच्या वांट्यास उचल येणार नाहीं, हा प्रश्न अनंतशास्त्र्यांच्या मुलीनें सोडविला तसा आम्हां शिक्षकांकडून सुटला नाहीं. तो सोडविण्याचें ऋण मात्र आमच्या माथीं आहे.