नाइट ऑफ द डीमन

गूढविद्येवरील ब्रिटिश कृष्णधवल भयपट (१९५७). दिग्दर्शक झाक तूर्नर. एम. आर. जेम्स यांच्या ‘कास्टिंग द रून्स’ (१९११) या कथेवर आधारित. पटकथा चार्ल्स बेनेट व निर्माते हाल ई. चेस्टर यांची.

सैतानपूजक पंथाचे पितळ उघडे पाडण्यासाठी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन होल्डन (डेना अँड्र्यूज) लंडनला येतो. पंथप्रमुख ज्युलियन कार्सवेल (नायल मॅगिनिस) ब्रिटिश म्यूझियमच्या वाचनालयात त्याच्या कागदांत रून लिपीतली चिठ्ठी सरकवतो. चिठ्ठी बाळगणारा ठरल्या वेळी मरणार. ही करणी उलटवायची, तर चिठ्ठी देणाऱ्याच्याच हाती त्याच्या नकळत परत गेली पाहिजे.

‘कॅट पीपल’ (१९४२) करताना तूर्नर यांनी सावली आणि आवाज यांवर भय उभे केले होते. तेच कसब इथे हॉटेलच्या रिकाम्या बोळात आणि रात्रीच्या रानात दिसते. चिठ्ठी आपणहून शेकोटीकडे झेपावते, तो क्षण अंगावर काटा आणतो. चित्रपटाचे खरे बळ मात्र कार्सवेल. विदूषकाच्या वेशात मुलांना जादूचे प्रयोग दाखवता दाखवता तो सहज वादळ बोलावतो. आईजवळ मात्र कबूल करतो, की दुसऱ्याचा बळी गेला नाही तर आपला जाईल. खलनायक स्वतःच भेदरलेला असल्याने त्याची दहशत अधिक खरी वाटते.

मोठा दोष म्हणजे आरंभीच पडद्यावर येणारे पिशाच. चेस्टर यांच्या आग्रहाने ते घातले गेले, अशी तूर्नर व बेनेट दोघांचीही तक्रार होती. झाडांमागून उठणारा धूर परिणामकारक आहे. जवळून दिसणारा चेहरा नाही. शिवाय पिशाच खरे आहे हे प्रेक्षकाला आधीच कळल्याने होल्डनचा संशय निव्वळ हट्ट ठरतो, आणि अँड्र्यूज यांचा साचेबंद अभिनय त्याला सावरत नाही. मांजराचा बिबट्या होतो, ती झटापट तर उघडच कृत्रिम आहे. तरीही कथेचा धाक चिठ्ठीचा आणि सरत्या वेळेचा असल्यामुळे आगगाडीतला शेवटचा प्रसंग आजही श्वास रोखायला लावतो.

अमेरिकेत हा चित्रपट ‘कर्स ऑफ द डीमन’ नावाने, सुमारे ८२ मिनिटांपर्यंत कापून दाखवला गेला. पाहायचा तर सुमारे ९५ मिनिटांचा ब्रिटिश चित्रपटच पाहावा.