रविवार कोणाचा?

दिनदर्शिकेवरील रविवार तांबड्या शाईत पाहण्याची आपल्याला इतकी सवय झाली आहे की, ही सुट्टी कोणीतरी भांडून मिळवली असेल असे सहसा मनात येत नाही. फार तर साहेबाच्या धर्माबरोबर आलेली ती एक सोय, असे आपण मानतो. सरकारी कचेऱ्यांपुरते ते खरेही असेल. मुंबईच्या कापड गिरण्यांतील रविवाराचा इतिहास मात्र वेगळा आहे.

पहिला फॅक्टरी कायदा १८८१ चा. सात वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास त्याने बंदी केली आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांचे काम नऊ तासांवर आणले. प्रौढ स्त्रीपुरुषांच्या तासांविषयी तो गप्प होता. गिरणीचा दिवस सूर्याबरोबर उगवे आणि त्याच्याबरोबर मावळे. सणावारी गिरणी बंद राही. परंतु आठवड्याचा ठरलेला असा विसावा नव्हता.

या पार्श्वभूमीवर नारायण मेघाजी लोखंडे यांचे कार्य पाहावे लागते. सत्यशोधक चळवळीतील हे कार्यकर्ते ‘दीनबंधु’चे संपादक होते आणि गिरणीतील नोकरीचा त्यांना अनुभव होता. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी कामगारांच्या सभा घेतल्या. त्यातून तयार झालेल्या अर्जावर सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्या होत्या. मागण्या अशा : दर रविवारी पूर्ण सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, पुढील महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत पगार, आणि कामावर दुखापत झाल्यास भरपाई.

या मागण्यांकडे कामगार चळवळीचा आरंभ म्हणून पाहिले जाते, ते योग्यच आहे. पण त्या सावकाश वाचल्या तर गिरणीच्या यंत्रांमागे घर दिसू लागते. दुपारचा अर्धा तास म्हणजे स्वस्थपणे खाल्लेली भाकरी. सूर्यास्ताची मर्यादा म्हणजे लेकरे जागी असताना घरी पोहोचणे. वेळेवर पगार म्हणजे वाण्याची उधारी आणि सावकाराचे व्याज यांतून थोडी सुटका. रविवारच का, यालाही इथले एक उत्तर होते. रविवार हा खंडोबाचा वार. लोखंडे यांनी तो दाखला दिल्याचे सांगितले जाते.

२४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर भरलेल्या सभेला सुमारे दहा हजार कामगार जमले. दोन कामगार स्त्रियाही तेथे बोलल्या. त्यानंतर, जून १८९० मध्ये, गिरणीमालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली. १८९१ च्या कायद्याने साप्ताहिक सुट्टीवर शिक्कामोर्तब केले आणि स्त्रियांचे काम अकरा तासांवर आणले. प्रौढ पुरुषांच्या तासांना त्यातही मर्यादा नव्हती. पुढे १९०५ च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सूर्यास्ताची नैसर्गिक भिंतही कोसळली. दिवस चौदा-पंधरा तासांपर्यंत लांबला. कापड गिरण्यांतील पुरुषांसाठी बारा तासांची मर्यादा आली ती १९११ च्या कायद्याने. आठवड्याचे ४८ तास व्हायला १९४६ साल उजाडले.

या प्रवासात एक गोष्ट कायम राहिली. कायद्याने मोजले ते गिरणीच्या दरवाजाच्या आतले तास. अकरा तास राबून घरी आलेल्या स्त्रीच्या चुलीपुढचे तास कोणत्याच कायद्याच्या हिशेबात धरले गेले नाहीत. गिरणगावात कुटुंब गावी ठेवून एकट्याने राहणाऱ्या पुरुषांची संख्या मोठी होती. त्यांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायकांवर ते जग उभे होते. त्यांची संघटना, अन्नपूर्णा महिला मंडळ, प्रेमा पुरव यांच्या पुढाकाराने स्थापन झाली ती १९७५ मध्ये. म्हणजे लोखंडे यांच्या अर्जानंतर ९१ वर्षांनी. कामगाराच्या रविवाराला त्याचे जेवण कोण रांधते, हा प्रश्न तोपर्यंत ‘घरगुती’ होता.

सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दैनंदिन कामाची मर्यादा नऊ तासांवरून बारा तासांवर नेण्यास मंजुरी दिली, तेव्हा आठवड्याचे ४८ तास कायम आहेत असे सांगण्यात आले. बेरीज तीच राहते, हे खरे. पण संध्याकाळ अशी साठवून ठेवता येत नाही. मुलाचा अभ्यास, आजाऱ्याचे औषध, रात्रीचा स्वयंपाक ही कामे रोजची असतात. ती रविवारची वाट पाहत नाहीत. १८८४ च्या अर्जात रविवाराबरोबरच सूर्यास्तही मागितला होता, तो यासाठीच.

शहरांतील अनेक खानावळींत आजही रविवारी दुपारी गोडाधोडाचे जेवण असते आणि संध्याकाळी चूल बंद. लोखंडे यांनी मागितलेल्या रविवारातला अर्धा दिवस तिथवर पोहोचला आहे. आपल्या घरातील स्वयंपाकघरात तेवढा तरी पोहोचला का, हे ज्याने त्याने पाहावे.