दोन कपाटांची गोष्ट

पालघर-बोईसरकडच्या एखाद्या शाळेत लिनक्सवर चालणारा संगणक असेल, तर त्यातील फायलींची मांडणी उघडून पाहावी. 'लिब' नावाचे कपाट दोनदा दिसते : एक मुळाशी आणि दुसरे 'यूएसआर'च्या पोटात. एकाच नावाची दोन कपाटे कशासाठी?

या कपाटांत लायब्रऱ्या असतात. लायब्ररी म्हणजे अनेक प्रोग्रॅमना लागणाऱ्या सामाईक सूचनांचा संच. शाळेत नकाशांचा एकच संच सर्व वर्गांना पुरतो, तसेच हे. पण कपाटच सापडले नाही तर सगळ्याच वर्गांचा भूगोल अडतो!

तारापूरचे अणुवीज केंद्र सुरू झाले त्याच वर्षी, १९६९ मध्ये, अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स प्रणालीला आरंभ केला. त्यांच्या १९७४ च्या लेखातील यंत्राला काढता-घालता येणाऱ्या ज्या छोट्या डिस्क होत्या, त्यांची क्षमता प्रत्येकी २.५ मेगाबाइट होती. वाढती प्रणाली पहिल्या डिस्कवर मावेना, म्हणून तिचा काही भाग वापरकर्त्यांच्या डिस्कवर, 'यूएसआर'मध्ये गेला. दुसरे कपाट आले ते असे, जागेच्या टंचाईतून.

पुढे डिस्क मोठ्या झाल्या, पण विभागणी राहिली. तिला नवी कारणे मिळाली : बिघाड झाल्यास दुरुस्तीपुरते सामान मुळाशी असावे, बाकीचे जाळ्यावरून घेता यावे. लिनक्सने १९९१ नंतर हीच रीत उचलली आणि १९९४ च्या मांडणी-प्रमाणकात ती लिहिली गेली. ६४-बिट यंत्रे आल्यावर ३२-बिट लायब्रऱ्याही शेजारी ठेवणे भाग पडले. रेड हॅटने 'लिब६४' हे वेगळे कपाट केले. डेबियनने प्रत्येक यंत्रप्रकाराच्या नावाचा कप्पा केला.

मग जुने कपाट काढून का टाकू नये? अडचण अशी, की लायब्रऱ्या जोडून देणाऱ्या फायलीचा जुना पत्ता बहुतेक प्रोग्रॅमांच्या आतच कोरलेला असतो. तो पत्ता मोडला तर फायलींची साधी यादी दाखवणारा प्रोग्रॅमही सुरू होत नाही. म्हणून फेडोराने २०१२ मध्ये आणि डेबियनने २०२३ पर्यंत सगळे सामान 'यूएसआर'मध्ये नेले, आणि जुन्या जागी फक्त तिकडे बोट दाखवणारी खूण ठेवली.

"पद्धतच आहे तशी," असे उत्तर आपण वर्गात कितीदा देतो! आपल्या संगणकावर मुळाशी असलेल्या 'लिब'च्या चिन्हावर छोटा बाण दिसतो का, ते विद्यार्थ्यांना शोधू द्यावे. बाण दिसला, तर त्यामागे पन्नास वर्षांपूर्वीच्या एका छोट्या डिस्कची गोष्ट आहे.