कडू पित्त, आंबट पित्त

सकाळी सात-सव्वासातला रात्रपाळीच्या बसगाड्या चाकणच्या तळेगाव चौकात माणसं उतरवतात. त्यातली दोन-तीन रोज आमच्या औषधाच्या दुकानाशी येतात. रात्री दोनला कँटीनमध्ये जेवलेलं, वर चार-पाच कप चहा. "दादा, पित्त झालंय. ईनो द्या." पुडी फाडून पाण्यात टाकली की फस्सकन फेस वर येतो. तो बसायच्या आत ग्लास रिकामा होतो, मोठा ढेकर येतो आणि माणूस झोपायला खोलीवर जातो.

मला राहून राहून वाटतं, यात पित्तावर मोठा अन्याय होतो. छातीत जळतं ते जठरातलं आम्ल. पित्त हा यकृताचा रस, तो कडू असतो आणि आम्ल विझवणाऱ्यांच्या बाजूचा आहे. मग आळ त्याच्यावर कसा आला?

शब्द फार जुना. अथर्ववेदात सुपर्ण पक्ष्याच्या पित्ताचा उल्लेख आहे. पक्ष्याचं पित्त काय असतं, हे कोंबडी साफ करणाऱ्याला सांगावं लागत नाही. काळजाला चिकटलेली हिरवी पिशवी चुकून फुटली, तर तेवढा भाग कितीही धुतला तरी कडूच लागतो. आपलं पितळही याच घरातलं: संस्कृतात पित्तल म्हणजे पित्ताचं आणि पित्तल म्हणजे पितळही. भोसरीत लेथवर पितळ लावलं की जो पिवळाधमक कीस पडतो, त्याच्या नावात हा रंग अजून टिकून आहे.

आंबटपणा शिरला तो आयुर्वेदात. तिथे पित्त हे एका पिशवीतल्या रसापुरतं राहिलं नाही. अन्न पचवणारी, रक्ताला रंग देणारी, डोळ्यांना दृष्टी देणारी सगळी उष्णता त्या नावाखाली आली. चरकाने पित्ताच्या गुणांत आंबट घातला. सुश्रुताने जास्त बारकाईने पाहिलं: पित्त मुळात कटू म्हणजे तिखट, बिघडलं की आंबट. पुढे माधवनिदानात अम्लपित्ताचं स्वतंत्र प्रकरणच आलं, त्यात आंबट-कडू ढेकर आणि छातीतली जळजळ आली. हे नाव नेमकं होतं. मराठी तोंडाने रोजच्या वापरात त्यातला 'अम्ल' गाळला आणि नुसतं 'पित्त' ठेवलं. घोटाळा झाला तो इथेच, असं माझं मत आहे.

गाळलेल्या शब्दात मग काहीही मावू लागलं. राग आला की पित्त खवळतं. अंगावर गांधी आल्या की पित्त उठतं, आणि आजी आमसुलाचं पाणी लावते. त्या गांधींचा ना आम्लाशी संबंध, ना यकृताशी. 'पित्त पडलं' एवढं मात्र आपण बरोबर म्हणतो: रिकाम्या पोटी उलटीतून येणारं हिरवट-पिवळं, कडूजहर पाणी खरंच पित्ताचं असतं.

नव्या वैद्यकाची पुस्तकं मराठीत आली तेव्हा यकृताच्या रसाला हाच शब्द दिला गेला. शाळेत पित्तरस, सोनोग्राफीच्या रिपोर्टवर पित्ताशय, घरात पित्त. त्यामुळे पित्ताशयात खडे निघालेला माणूस मला विचारतो, "मग पित्ताची गोळी चालू ठेवू का?" ती गोळी आम्ल कमी करते, खड्यांना काही करत नाही. याहून वाईट म्हणजे छाती दाबल्यासारखी होते, घाम फुटतो, दुखणं हाताकडे किंवा जबड्याकडे सरकतं, तरी माणूस 'पित्त असेल' म्हणून पुडी मागतो. अशा वेळी मी पुडी देत नाही, रिक्षात बसवून दवाखान्यात पाठवतो.

आता पुडीकडे वळू. तिच्या पाठीवर दोन नावं छापलेली असतात: स्वर्जिक्षार आणि निंबुकाम्ल. ही 'फ्रूट सॉल्ट' एकोणिसाव्या शतकात न्यूकॅसलच्या जेम्स क्रॉसली ईनो या औषधविक्याने काढली. आपल्याकडे ती संस्कृत नावं लावून विकली जाते. स्वर्जिक्षार म्हणजे आपला सज्जीखार. पूर्वी तो खाऱ्या जमिनीतल्या झुडपांची राख करून काढत. पुडीत असतो तो त्याचा शुद्ध भाऊ, खायचा सोडा, म्हणजेच बायकार्बोनेट. आम्लाशी गाठ पडली की त्याचं मीठ, पाणी आणि वायू होतो. तो ढेकर त्या वायूचा.

पण हा सोडा शरीर स्वतःच बनवतं, आणि कसं बनवतं ते मला फार सुंदर वाटतं. जठराच्या पेशी कर्बवायू आणि पाणी एकत्र आणून त्यांचे दोन भाग करतात. आम्लाचा भाग जठरात सुटतो, बायकार्बोनेटचा रक्तात. म्हणजे आम्ल आणि त्याचा उतारा एकाच वेळी, एकाच पेशीत जन्मतात. पुढे स्वादुपिंड तोच सोडा आपल्या रसातून आतड्यात सोडतं. दिवसाला हा रस लिटर-दीड लिटर होतो आणि त्यात रक्ताच्या पाचपटीपर्यंत बायकार्बोनेट असतं. प्लेटिंगच्या शॉपमधलं आम्लाचं पाणी नाल्यात सोडण्याआधी टाकीत चुना किंवा सोडा घालून पीएच जागेवर आणावा लागतो. जठराखालच्या आतड्याचा पहिला वीतभर भाग ही तशीच टाकी आहे.

आम्ल आल्याची वर्दी स्वादुपिंडाला कोण देतं? जानेवारी 1902 मध्ये लंडनमध्ये बेलिस आणि स्टार्लिंग या शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी कुत्र्याच्या आतड्याच्या एका तुकड्याचे मज्जातंतू तोडले आणि त्यात आम्ल सोडलं. तंतू नसतानाही स्वादुपिंडातून रस वाहू लागला. निरोप रक्तातून जात होता. त्या निरोप्याला त्यांनी सिक्रेटिन म्हटलं, आणि 1905 मध्ये स्टार्लिंगने अशा सगळ्या निरोप्यांसाठी 'हार्मोन' हा शब्द वापरला. सिक्रेटिनच्या सांगण्यावरून पित्तनलिकाही आपल्या पित्तात सोडा मिसळतात. ज्याला आपण जळजळीचा गुन्हेगार म्हणतो, तोच विझवायला धावतो.

पित्ताचं मुख्य काम मात्र तेलाचं. सीएनसीवर काम करणाऱ्याने सोल्युबल ऑईल पाण्यात पडताना पाहिलेलं असतं: तेल वर तरंगत नाही, सगळं पाणी दुधासारखं पांढरं होतं. पित्तातले क्षार वडापावच्या तेलाचं तसंच करतात. तेल बारीक थेंबांत फुटतं, तेव्हाच स्वादुपिंडाच्या पाचकरसाचा हात त्याला लागतो. यकृत रोज अर्धा ते एक लिटर पित्त करतं, आणि त्यातले सुमारे 95 टक्के क्षार आतड्याच्या शेवटाला शोषले जाऊन यकृतात परत येतात.

परवा एक वेल्डर पोरगा आला, नेहमीसारखाच पोटावर हात धरून. "पित्त झालंय."

"तोंडात काय येतंय? कडू की आंबट?"

त्याने जीभ टाळूला लावून पाहिली. "आंबट."

"मग ते पित्त नाही," म्हटलं, आणि आधी त्याला बाकावर बसवून विचारलं, रात्री जेवला होतास का.