अंगण खचतं, इमारत खचत नाही



मागच्या चातुर्मासात आमच्या सोसायटीच्या फाटकापर्यंत आलेल्या साध्वीजी गोचरीसाठी आत न येताच परत फिरल्या. फाटक ते जिना हा काँक्रीटचा पट्टा मधोमध बसलेला, त्यात पाणी आणि कडेनं हिरवं शेवाळ. शेवाळ म्हणजे अनंतकाय, त्यावर पाऊल कसं ठेवणार? आणि एकदा उगवल्यावर खरवडून काढणं हीही हिंसाच.

कमिटीत सगळे म्हणाले, कंत्राटदारानं सिमेंट खाल्लं. खाल्लंही असेल. पण इमारत जागच्या जागी आणि अंगण तेवढं वीतभर खाली, हे कसं?

याचं उत्तर आपल्या गावाच्या इतिहासात आहे. भाईंदरच्या उत्तरेला वसईची खाडी, आणि खाडीकाठानं मिठागरं. उधाणाचं पाणी बांधाच्या आत घ्यायचं, उन्हात आटवायचं, मीठ ओढायचं. मिठागरं अजूनही दिसतात. इथली नगरपरिषद 1985 ची, महानगरपालिका 2002 ची. मुंबईत घर परवडेना तशी आपली कुटुंबं लोकलच्या आधारानं इकडे आली, आणि सखल जमिनीवर भराव पडत गेला. मुरूम, दगड, पाडलेल्या घरांचा राबिट, जे मिळेल ते.

त्या भरावाखाली मात्र खाडीचा गाळच आहे, पाण्यानं भरलेला. वर वजन आलं की पाणी हळूहळू पिळून निघतं आणि गाळ दबत जातो. हे वर्षानुवर्षं चालतं. कार्ल टेरझागी यांनी 1925 साली आपल्या ग्रंथात याचं गणित मांडलं. आमची इमारत पाइलवर, म्हणजे गाळ ओलांडून खाली कठीण थरावर टेकलेली. अंगण नुसतं भरावावर. मग दुसरं काय होणार!

म्हणून 'वरून चार इंच नवा थर ओता' या सूचनेला मी विरोध केला. वजन वाढलं की गाळ आणखी दबणार. परदेशात 1930 च्या दशकापासून एक रीत आहे: स्लॅबला भोकं पाडून खाली सिमेंट-मातीची लापशी दाबानं भरायची आणि स्लॅब वर उचलायचा. आमचा स्लॅब तडकून तुकडे झालेला, तिथं ती चालली नसती.

मला आठवली माहेरची शहाबादी फरशी. बसली की पहारीनं उचलायची, खाली वाळू सारायची, परत बसवायची. शेवटी पेव्हर ब्लॉक ठरले. पण आधी सांडपाण्याचा पाइप बघायला लावला. इमारतीतून पाइप बाहेर येतो तिथंच जोड तुटला होता, कारण एक टोक स्थिर आणि दुसरं खाली गेलेलं. गळतं पाणी भरावाची माती वाहून नेत होतं. हा जोड न बघता अंगण केलं असतं, तर पैसे पाण्यात.

काम चैत्रात केलं, शेवाळ नसताना. जुने तुकडे उचलताना मुंग्या निघाल्या. त्यांना जायला वेळ देऊन मगच पुढचा तुकडा. मजूर वैतागले, पण जयणा सोडून कसं चालेल? धुम्मस मारून खडी बसवली आणि उतार गटाराकडे दिला.

गाळ अजून दबणारच आहे. प्लिंथवर रंगाची रेघ मारून ठेवली आहे, दर दिवाळीत टेप लावून बघते.