बालकांचा ध्वनिबोध

बालकांचा ध्वनिबोध : मातृभाषेतल्या ध्वनींमधले भेद कानाने ओळखण्याची तान्ह्या मुलाची शक्ती. तिची घडण मुख्यतः पहिल्या वर्षात, बोल फुटण्याआधीच होते.

गर्भाला साधारण सहाव्या महिन्यापासून आवाज ऐकू येऊ लागतात. पीटर आयमस व सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये एक आणि चार महिन्यांच्या बाळांना चोखणी देऊन अक्षरे ऐकवली. तेच ते ऐकून चोखणे मंदावे. ‘बा’चा ‘पा’ झाला की पुन्हा जोर येई.

मराठी वाचकाला जवळचा प्रयोग मात्र १९८४ चा, जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांचा. त्यात हिंदीतले दंत्य ‘त’ व मूर्धन्य ‘ट’ वापरले होते, तेच आपलेही. बाळ आईच्या मांडीवर, आईच्या कानांवर हेडफोन (तिच्याकडून नकळतही खूण जाऊ नये म्हणून), आणि अक्षर बदलताच बाळाने मान वळवली तर पेटीत हलते खेळणे उजळे. सहा ते आठ महिन्यांच्या इंग्रजी घरांतल्या बाळांना हा भेद कळे, दहा-बारा महिन्यांच्या बहुतेकांना कळेना. हिंदी घरांतल्या मुलांचा तो टिकून होता. म्हणजे हे शिकणे पुष्कळसे सोडून देण्याचे आहे. जो भेद कानावर पडत नाही, त्याकडे मूल लक्ष देईनासे होते.

मराठी कानाला त-ट, काल-काळ, महाप्राण-अल्पप्राण एवढे सांभाळावे लागतेच; शिवाय ‘जग’ (विश्व) आणि ‘जग’ (जगणे) यांतला ‘ज’ लिहिताना एकच, ऐकताना दोन. जावळी तालुक्यातल्या मेढ्याकडे, पश्चिम महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात इतरत्रही, पुष्कळ घरांत ‘पानी’ म्हणतात आणि शाळेत ‘पाणी’. ‘ळ’ मात्र ठणठणीत असतो. त्यामुळे ‘अले माज्या बाला’ अशा लाडिक बोलण्याची धास्ती घेण्याचे कारण नाही. त्याच ओट्यावर मोठी माणसे आपसात ‘बाळ’च म्हणत असतात.

माणूस समोर असणे महत्त्वाचे. पॅट्रिशिया कूल यांच्या २००३ च्या प्रयोगात नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांनी खेळवणाऱ्या चिनी भाषकांकडून मँडरिन ध्वनी उचलले; तेच बोलणे टीव्हीवर दाखवले तेव्हा काही उचलले नाही. मेढ्याच्या भागातल्या अनेक घरांतले कर्ते पुरुष कामाला मुंबईत. तिथे कान घडवते ते आई, आजी आणि शेजारणीचे बोलणे. रडे थांबवायला हाती दिलेल्या मोबाइलवरची गाणी ती जागा घेत नाहीत.

ओळखणे उच्चाराच्या पुढे धावते. स्वतः ‘तोपी’ म्हणणारे मूल, मोठ्याने चिडवायला ‘तोपी’ म्हटले की रागावते.

जन्मतः कमी ऐकू येत असेल तर या काळाचेच नुकसान होते. म्हणून पहिल्या महिन्यात श्रवणचाचणी, तिसऱ्यापर्यंत निदान आणि सहाव्यापर्यंत उपचार सुरू, असा दंडक आहे. २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात बहिरेपणाची तपासणी समाविष्ट असून त्याची पथके अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा जातात.